वाचक विचारतात : कॅमोफ्लाजच्या कडा, चकाकणारे डेकल आणि डी-डेचे पट्टे

मागच्या अंकात स्केल मॉडेल विमानं जोडण्याबद्दल लिहिलं होतं, सांधे भरणं, घासणं वगैरे, आणि जाता जाता म्हटलं होतं की रंगाचं काही अडलं तर कळवा. कळवलंत, भरभरून कळवलंत! त्यातले बरेच प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे नेमकी शेड कोणती. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाद नको: शेड थोडी इकडेतिकडे झाली तर मॉडेल बिघडत नाही, पण दोन रंगांमधली कड चुकली की लांबूनसुद्धा खेळणं दिसतं. म्हणून कडेचे प्रश्न आधी घेतलेत, शेडवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न : ताई, १/७२ स्केलचं स्पिटफायर करतोय, वर हिरवा आणि करडा असलेलं. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) फ्री हँड मारलं की दोन रंगांच्या मध्ये धुरकट पट्टा येतो, आणि टेप लावून मारलं की कड कापल्यासारखी दिसते, वर बोट फिरवलं तर रंगाची पायरीही लागते. खऱ्या विमानावर नक्की कसं होतं आणि मी काय करू?
— नुकताच एअरब्रश घेतलेला वाचक

उत्तर : आधी साधा हिशोब करू. समजा खऱ्या विमानावर स्प्रे गनने रंग मारताना दोन रंगांच्या मध्ये दोन इंचांची धूसर कड आली, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर. त्याला ७२ ने भागा, आली ०.७ मिलीमीटर. १/४८ ला जेमतेम १ मिलीमीटर. म्हणजे तुमच्या मॉडेलवर जो ३-४ मिलीमीटरचा धूर आलाय तो खऱ्या विमानावर पाऊण-एक फुटाचा झाला, आणि ब्रिटिश फायटरवर तसा प्रकार नव्हता, त्यांचे पॅटर्न ठरलेले असायचे आणि कडा बऱ्यापैकी नेटक्या. त्यामुळे दोन चुकांमधून एक निवडायचीच असेल तर स्पिटफायरला टेपची कापलेली कड परवडली, धूर नको.

पण निवडायची गरज नाही, मधला रस्ता आहे. ब्लू-टॅक किंवा तसला कुठलाही चिकट पुटी घ्या आणि हाताने लाटून बारीक वळ्या करा. १/७२ साठी दीड-दोन मिलीमीटर जाडी पुरे, त्याहून जाड केलीत की कड पुन्हा फुगते. आधी फिका रंग, म्हणजे तुमच्या केसमध्ये करडा, पूर्ण वरच्या बाजूला मारून नीट वाळू द्या, मग पॅटर्न अगदी हलक्या पेन्सिलने काढा (रेघ हिरव्याच्या हद्दीत ठेवा म्हणजे झाकली जाईल, फिक्या रंगातून पेन्सिल डोकावते). आता वळी त्या रेघेला लागून, करड्याच्या बाजूला ठेवा, दाबून चपटी करू नका, नुसती टेकवा. वळीच्या मागचा, करडा राहायचा भाग टेपच्या तुकड्यांनी किंवा ओल्या टिश्यूने भरून टाका.

आणि आता जे सांगते तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरायचा किंवा किंचित मास्कच्या बाजूने कलता, म्हणजे रंग वळीवरून हिरव्या भागात उतरेल. उलट बाजूने, म्हणजे हिरव्या भागात उभं राहून वळीकडे तोंड करून फवारलंत तर रंग वळीच्या गोलाईखाली घुसतो आणि तीच धुरकट कड परत येते, मग लोक म्हणतात ब्लू-टॅक काही कामाचा नाही. पंखावर हे सोपं जातं, पण बॉडीच्या गोलाईवर मॉडेल हातात सतत फिरवावं लागतं, तो कंटाळा करू नका. पातळ दोन-तीन हात मारा, एकदम ओला कोट नको. रंग हाताला सुकला की वळ्या काढा, रात्रभर ठेवू नका कारण उकाड्यात पुटीतलं तेल रंगात उतरतं आणि डाग पडतो. चुकून कण राहिलेच तर त्याच पुटीचा गोळा करून टिपून घ्या, नखाने खरवडू नका.

टेपच वापरायची असेल तर पायरी टाळायला एकच उपाय, रंग पातळ आणि कमी. पायरी आलीच असेल तर २००० च्या सँडपेपरने ओलं करून अगदी हलका हात फिरवा, वर ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, बसला की ती जवळपास गायब होते.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते. ऑगस्ट १९४१ च्या आधीचं स्पिटफायर असेल तर वर हिरवा आणि तपकिरी, म्हणजे डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ. तपकिरीच्या जागी ओशन ग्रे आणि खाली मीडियम सी ग्रे हे त्यानंतरचं. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात पॅटर्नचे दोन प्रकार होते, ए आणि बी, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. तेव्हा १९४० चं विमान करताना तुमच्या फोटोत पॅटर्न किटच्या कागदापेक्षा उलटा दिसला तर फोटोवर विश्वास ठेवा, कागदावर नाही. पंखाच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टी असेल तर ती सगळ्यात आधी, खाली पांढरा मारून, आणि मग टेपने झाकून पुढचं काम. पिवळा रंग गडद हिरव्यावर झाकत नाही म्हणजे नाही, सहा कोट मारलेत तरी शेवाळ्यासारखाच दिसेल.

प्रश्न : मेसरश्मिट १०९ च्या बाजूंना ते ठिपके ठिपके असतात ना, मॉटलिंग, ते करताना माझा एअरब्रश एकतर थुंकतो नाहीतर कोळ्याचे पाय काढतो. तीन वेळा पुसून परत केलं. सुई बदलू का, नवीन एअरब्रश घेऊ का?
— वैतागलेला वाचक

उत्तर : काही घेऊ नका. ०.३ मिलीमीटरच्या नॉझलने १/४८ वर आरामात मॉटलिंग होतं, १/७२ ला ०.२ असेल तर सुख आहे पण ०.३ ने होत नाही असं नाही. तुमचं दुखणं रंगाच्या पातळपणात आणि हवेच्या दाबात आहे, आणि दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत.

कोळ्याचे पाय म्हणजे रंग पृष्ठभागावर पडून हवेने चारी बाजूंना पळतोय, म्हणजे दाब जास्त किंवा ट्रिगर जास्त मागे ओढलाय किंवा दोन्ही. थुंकतोय म्हणजे रंग जाड आहे किंवा सुईच्या टोकावर वाळून बसलाय, अॅक्रिलिकला ही खोड जास्तच असते. नेहमीच्या कामाला तुम्ही १५ ते २० पीएसआय ठेवत असाल, मॉटलिंगला १० ते १२ वर या. पण दाब कमी केला की तोच रंग जाड पडतो, नॉझलमधून नीट निघत नाही, म्हणून रंग नेहमीपेक्षा बराच पातळ करावा लागतो, एक भाग रंगाला दोन भाग थिनर, कधी तीनसुद्धा. कपमध्ये ढवळून बघा, भिंतीवरून रंग लगेच खाली ओघळून मागे जेमतेम रंगीत काच राहिल्यासारखी दिसली पाहिजे. अॅक्रिलिक असेल तर थेंबभर रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) टाका, आणि शेजारी थिनरमध्ये बुडवलेला जुना ब्रश ठेवून मधून मधून सुईचं टोक पुसत राहा.

इतका पातळ रंग एका फवाऱ्यात दिसतच नाही, आणि तेच पाहिजे. दीड-दोन सेंटीमीटरवरून, आधी हवा चालू, मग ट्रिगर केसाएवढा मागे, छोटासा गोल फिरवा, ट्रिगर पुढे, मग हवा बंद. ठिपका जवळपास अदृश्य असेल. पुढचा काढा. पूर्ण बाजू झाली की परत पहिल्यापासून दुसरा हात. असा तीनदा-चारदा फिरल्यावर ठिपका उभा राहतो, आणि मधे कुठेही हात चुकला तरी चूक इतकी फिकी असते की कळत नाही. विमानावर जायच्या आधी जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, शक्यतो गोल पृष्ठभागावर, हात बसवून घ्या, कागदावर नको कारण कागद ओल शोषून घेतो आणि सगळं छान चाललंय असं खोटंच सांगतो.

ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे काढू नका, नाहीतर बिबट्या होतो. फोटो समोर ठेवा आणि बघा की कॉकपिटखाली दाट आणि खाली उतरताना विरळ असतात का, दोन शेड एकमेकींवर चढल्यात का. शेवटी सगळं जरा भडक वाटलं तर बेसचा फिका रंग, म्हणजे युद्धाच्या मधल्या काळातलं करड्या रंगाचं १०९ असेल तर आरएलएम ७६ (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई खात्याचे रंगांचे नंबर), भरपूर पातळ करून त्यावर एक धुक्यासारखा हात मारा, सगळे ठिपके एका पातळीवर येतात. मला तर हा शेवटचा हात मॉटलिंगपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि बाजूंना ठिपके आहेत म्हणून पंखांवर पण धूर काढू नका! पंखांवर आरएलएम ७४ आणि ७५ चा स्प्लिंटर पॅटर्न, सरळ रेघांचे कोन, तिथे सरळ टेप लावा. एकाच विमानावर दोन जातींच्या कडा आहेत, १०९ ची मजाच त्यात आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्याकडे एअरब्रश नाही आणि बाबा म्हणतात दहावीनंतर बघू. नुसत्या ब्रशने हरिकेनला कॅमोफ्लाज चांगलं होऊ शकतं का? ब्रशच्या रेघा दिसतात.
— शाळकरी वाचक

उत्तर : होऊ शकतं, आणि तुझं नशीब बघ, हरिकेन निवडलंस. वरचा हिशोब वाचलास ना, १/७२ ला खरी कड जवळपास टोकदारच दिसते, म्हणजे ब्रशची कड इथे चालून जाते. १०९ निवडलं असतंस तर मी वेगळं बोलले असते.

रेघा येतात कारण तू एकाच कोटमध्ये झाकायला बघतोयस. रंग पातळ कर, पहिला कोट इतका घाणेरडा दिसेल की रडू येईल, खालचं प्लास्टिक दिसत असेल, तरी हात लावायचा नाही. पूर्ण वाळू दे. दुसरा कोट पहिल्याला आडवा. तिसरा परत उभा. तीन-चार कोटांत एकसारखा होतो. ब्रश चपटा आणि मऊ घे, १/७२ च्या पंखाला पाच-सहा मिलीमीटर रुंदीचा, बारीक ब्रशने मोठा भाग रंगवला की रेघा येणारच. आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ब्रश फिरवायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी, तिथेच सगळं उपटून येतं.

कडेसाठी आधी बारीक ब्रशने हिरव्याची बाहेरची रेघ काढून घे, मग चपट्या ब्रशने आतला भाग भर. रेघ चुकली तर करड्याने, सॉरी, हरिकेन १९४० चं असेल तर तपकिरीने, परत दुरुस्त करायची, काही बिघडत नाही. रंगवायच्या आधी मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घे, साच्याचं तेल लागलेलं असतं. आणि दहावीपर्यंत थांबायचं काही कारण नाही, ब्रशने शिकलेल्याला पुढे एअरब्रश लवकर येतो.

प्रश्न : मी आणि माझा मित्र एफ-१६ च्या करड्यावरून भांडतोय. तो म्हणतो किटच्या कागदावर दिलेला एफएस नंबर म्हणजे कायदा, तोच रंग बाटलीतून जसाच्या तसा मारायचा. मला ते मॉडेलवर फार काळं वाटतं. कोण बरोबर?
— दोघांपैकी एक

उत्तर : नंबर बरोबर आणि तुमचे डोळे पण बरोबर. एफएस म्हणजे अमेरिकन सरकारचं फेडरल स्टँडर्ड ५९५, रंगांचा पट्टा. पाच आकडे असतात. पहिला आकडा चकाकी सांगतो, १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमीग्लॉस, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचा गट, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा असं. उरलेले तीन आकडे साधारणपणे रंग किती उजळ आहे त्या क्रमाने चढत जातात. तुमच्या एफ-१६ वर वरच्या बाजूला ३६११८, मधे ३६२७० आणि खाली ३६३७५ असेल, म्हणजे तिन्ही मॅट, तिन्ही करडे, आणि गडदकडून फिक्याकडे. कुठली बाटली कुठे लागणार ते नुसत्या नंबरवरून कळतं, ही सोय फार छान आहे. हे स्टँडर्ड २०१७ साली रद्द होऊन त्याच्या जागी एएमएस-एसटीडी-५९५ आलं, पण आकडे तेच चालू आहेत, त्यामुळे जुन्या कागदांना घाबरू नका.

आता काळं का वाटतं. खरं विमान तुम्ही २०-३० मीटरवरून, उन्हात, मधली हवा धरून बघता, मॉडेल हातभर अंतरावर घरातल्या दिव्याखाली. तोच रंग लहान वस्तूवर जास्त गडद दिसतो, याला मॉडेलवाले स्केल इफेक्ट म्हणतात. शिवाय नुसता फॅक्टरीतून निघालेला रंग कुणी बघितलाय, ऊन-पाऊस खाऊन काही महिन्यांतच तो उडतो. तेव्हा मी १/७२ ला १०-१५ टक्के उजळ करते, १/४८ ला त्याहून थोडं कमी, १/३२ ला जवळपास नाहीच. पण सरसकट पांढरा ओतू नका, त्याने रंग खडूसारखा होतो, करड्यात फिका करडा घाला, हिरव्यात जरा पिवळसर क्रीम. तुमच्या मित्राला सांगा, नंबर खऱ्या विमानाचा आहे, मॉडेलचा नाही.

आणि जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवरून शेड ठरवणाऱ्यांना एक इशारा. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नव्हता आणि पिवळाही गडद यायचा, निळा मात्र फिका. त्यामुळे ब्रिटिश राउंडेलची, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय चिन्हाची, बाहेरची पिवळी रिंग काही फोटोंत चक्क काळी वाटते. फोटोवरून कड बघा, पॅटर्न बघा, अक्षरांची जागा बघा. शेड नको.

प्रश्न : माझे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं आणि अक्षरं) कायम चांदीसारखे चमकतात, अक्षरांभोवती पारदर्शक कागद दिसत राहतो. सेटिंगचं लिक्विड पण वापरलं. आता मॉडेलवर सगळे स्टेन्सिल, म्हणजे बारीक सूचनांचे डेकल, लागून झालेत, वाचवता येईल का?
— हताश वाचक

उत्तर : वाचेल, बहुतेक सगळं वाचेल. पण आधी कारण, म्हणजे पुढच्या वेळी असं व्हायला नको. मॅट रंग डोळ्याला गुळगुळीत वाटला तरी जवळून तो खडबडीत असतो, बारीक बारीक खड्डे, म्हणूनच तर तो मॅट दिसतो. त्या खड्ड्यांवर डेकलची फिल्म ताणून बसते आणि खाली हवा अडकते, ती हवा म्हणजेच तुमची चांदी. लिक्विड कितीही ओता, खाली खड्डे आहेत तोपर्यंत हवा राहणार. म्हणून डेकलआधी ग्लॉस कोट, आणि तो पण नावापुरता नाही. मॉडेल दिव्याखाली तिरकं धरा, दिव्याचं प्रतिबिंब कडांसकट स्वच्छ दिसलं तर ग्लॉस पुरेसा, नुसता पांढरा ढग दिसला तर अजून एक हात.

आता जे लागलेत त्यांचं. धारदार ब्लेडच्या टोकाने किंवा बारीक सुईने चांदीच्या जागी टोचा, पाच-सहा बारीक भोकं, फिल्म फाडायची नाही नुसती टोचायची. मग सॉफ्टनर, म्हणजे मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टरसारखं, ब्रशने थेंबभर सोडा, ते भोकांतून आत शिरतं. डेकल सुरकुतेल, अगदी वाया गेल्यासारखं दिसेल. हात लावू नका! त्या अवस्थेत फिल्म इतकी मऊ असते की बोट लागलं की अक्षर बोटावर येतं. वाळलं की आपोआप सपाट होतं. चांदी उरली तर परत टोचा, परत सोडा. हट्टी डेकलला असं चारेक वेळा लागतं. मग त्यावर ग्लॉस, आणि मग शेवटचा मॅट.

पुढच्या वेळी अजून दोन गोष्टी: डेकल पाण्यातून काढायच्या आधी अक्षराभोवतीची जास्तीची फिल्म कापून टाका, जितकी कमी फिल्म तितकी कमी चांदी. आणि सेटिंगचं लिक्विड दोन जातींचं असतं हे लक्षात घ्या, मायक्रो सेट डेकल लावायच्या आधी खाली, मायक्रो सोल लावल्यानंतर वर. दोन्हींची अदलाबदल करून "लिक्विडने काही होत नाही" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

मोठे मार्किंग, म्हणजे राउंडेल आणि कोड लेटर (विमानाची ओळख सांगणारी मोठी अक्षरं), शक्य असेल तर डेकल लावूच नका, रंगवा. डेकलमधला पिवळा आणि पांढरा बऱ्याचदा इतका विरळ छापलेला असतो की खालच्या हिरव्या-करड्याची कड आरपार दिसते. राउंडेलसाठी सर्कल कटरने मास्किंग शीटच्या एकात एक बसणाऱ्या रिंगा कापा. बाहेरचा चौकोन मॉडेलवर चिकटवून पूर्ण गोल आधी पांढरा मारा. मग सगळ्या रिंगा परत जागेवर बसवा आणि फक्त मधली चकती काढून लाल मारा, लाल वाळला की चकती परत वर ठेवा, निळ्याची रिंग काढा, निळा मारा, तसंच पिवळ्याचं. पांढरी रिंग मधे झाकलेलीच राहते, ती शेवटी उघडायची. एकदा हे जमलं ना, की डेकलचा राउंडेल डोळ्याला खुपायला लागतो.

प्रश्न : डी-डेचे काळे-पांढरे पट्टे किती रुंदीचे करायचे? टेपखालून काळा रंग पांढऱ्यात झिरपतो.
— १/७२ टायफून करणारी वाचक

उत्तर : डी-डे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं तो दिवस. एका इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, दोन इंजिनवाल्यांवर २४ इंच. एकूण पाच, पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा. १८ इंच म्हणजे तुमच्या स्केलला ६.३५ मिलीमीटर, पाचही मिळून पावणेबत्तीस मिलीमीटरच्या आसपास. १/४८ वाल्यांसाठी एक पट्टा साडेनऊ मिलीमीटर.

मोजत बसू नका, अशी युक्ती करा. पूर्ण जागा आधी पांढरी मारून पक्की वाळू द्या, एक दिवस तरी. मग ६.३५ च्या पाच सारख्या पट्ट्या कापून एकमेकींना घासून, मधे फट न ठेवता, शेजारी शेजारी चिकटवा. दुसरी आणि चौथी उचलून टाका. झालं, काळ्याच्या जागा आपोआप मोजून मिळाल्या. आता लगेच काळा मारू नका, आधी उघड्या जागेवर परत एक पातळ पांढरा किंवा क्लिअर फवारा. टेपच्या कडेखाली जे काही झिरपायचं ते हेच झिरपेल आणि फट बुजवेल, मग काळ्याला आत जायला जागाच नाही. झिरपण्यावर याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. काळाही निव्वळ काळा न घेता अगदी गडद करडा घ्या.

टेप काढताना खालचा पांढरा सोलून येत असेल तर टेप आधी तळहातावर एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारा, आणि पुढच्या वेळी प्रायमर चुकवू नका.

आता माझी आवडती गंमत. हे पट्टे जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात, उतरायच्या तोंडावर, घाईघाईत मारले गेले, गुपित फुटू नये म्हणून शेवटपर्यंत थांबले होते. ग्राउंड क्रूने हातात येईल तो ब्रश घेऊन रंगवले. तेव्हाचे फोटो बघा, कडा वाकड्या, कुठे काळा पांढऱ्यावर ओघळलाय, कुठे ब्रशच्या रेघा दिसतायत. म्हणजे ज्या कडेसाठी तुम्ही टेप लावून जीव काढताय ती खऱ्या विमानावर कधीकधी नव्हतीच! पण सगळीकडे असं नाही, काही विमानांवर नीट आखून मारलेलेही दिसतात, त्यामुळे तुमच्या नेमक्या विमानाचा फोटो शोधा. त्याचे वाकडे असतील तर टेप लावून बेस करा आणि मग बारीक ब्रशने काही कडा मुद्दाम हलवा. तारीखही बघा, काही आठवड्यांनी वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली, खालचे बरेच दिवस राहिले. वर पट्टे आणि सहा महिन्यांनंतरचे कोड असं कॉम्बिनेशन झालं की जाणकार लगेच पकडतात.

प्रश्न : मॉस्किटोच्या पंखांवर सिल्व्हरने चिपिंग (रंग उडाल्याच्या खुणा) केलंय, भारी दिसतंय, फोटो पाठवतोय.
— उत्साही वाचक

उत्तर : फोटो बघितला, हात छान आहे तुमचा, पण मॉस्किटो लाकडाचं होतं हो! प्लायवुड आणि बाल्सा. रंग उडाला तर खाली अॅल्युमिनियम येणार कुठून? इंजिनाची झाकणं धातूची, तिथे चालेल, बाकीचं झाका. हरिकेनवाल्यांनी पण ऐका, कॉकपिटच्या मागची बॉडी कापडाची आहे, तिथे चांदी नको. ज्यांना चिपिंगचा शौक भागवायचाय त्यांनी जपानी आर्मीची विमानं घ्यावीत, त्यांच्यावर प्रायमर बऱ्याचदा नसायचा आणि रंगाचे पापुद्रे अक्षरशः निघालेले फोटोत दिसतात.

प्रश्न : जुनं किट मिळालं, डेकलचा कागद पिवळा पडलाय. फेकून देऊ?
— जुन्या किटांचा शौकीन

उत्तर : अजिबात नको. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून, छापील बाजू उन्हाकडे करून चिकटवा. काही दिवस कडक ऊन मिळालं की पिवळेपणा बराच उतरतो, पावसाळी हवेत वेळ लागतो. पण पाण्यात टाकायच्या आधी कोपऱ्यातलं बिनकामाचं एक डेकल टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर पूर्ण शीटवर लिक्विड डेकल फिल्म किंवा लॅकर क्लिअरचा एक कोट मारा. मात्र मग फिल्म सलग होते, प्रत्येक डेकल कात्रीने वेगळं कापावं लागतं.

प्रश्न : सगळं झालं होतं, कॅमोफ्लाज, डेकल, सगळं. शेवटचा मॅट कोट मारला आणि पंखावरचा रंग सुरकुतून वर आला. एनॅमलचा रंग होता, मॅट कोट लॅकरचा. काय करू?
— रडकुंडीला आलेली वाचक

उत्तर : वाईट वाटलं वाचून. लॅकरचं थिनर एनॅमलला खालून उकलतं, विशेषतः एनॅमल पुरता मुरला नसेल तर, आणि हाताला कोरडा लागणं म्हणजे मुरणं नव्हे, एनॅमलला आठवडा द्यावा लागतो. साधा क्रम लक्षात ठेवा, लॅकर खाली, त्यावर अॅक्रिलिक, त्यावर एनॅमल, उलटं जाताना दहादा विचार. म्हणूनच पॅनल लाइनचा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचांत सोडायचा, पातळ एनॅमल वॉश अॅक्रिलिकच्या ग्लॉसवर बिनधास्त करता येतो, पुसताना व्हाइट स्पिरिटने खालचा अॅक्रिलिक हलत नाही.

आता तुमचा पंख. आज काहीच करू नका, ओल्या सुरकुत्यांना हात लावलात तर लगदा होईल. आठवडाभर ठेवा, कडक झालं की १००० च्या ओल्या सँडपेपरने सपाट करा, मग १५०० ने. डेकल त्या भागात असेल तर ते जाणार, ते मान्य करा. मग तेवढ्याच भागावर परत रंग, पण पूर्ण पंखाच्या मधोमध ठिगळ लावू नका, पॅनल लाइनपासून पॅनल लाइनपर्यंत टेप लावून पूर्ण पॅनल रंगवा. शेड थोडी वेगळी आली तरी दुरुस्त केलेलं पॅनल वाटेल, खऱ्या विमानांवर तशी असायचीच. शेवटी मॅट कोट अॅक्रिलिकचा घ्या. आणि लॅकर कुठेही फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, कापडी मास्कने ती वाफ अडत नाही.